साहेब, झाकण उचला



मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. तिसऱ्या पाळीचा माणूस. शिक्षण विचाराल तर शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं वाचनालयातलं आणि रद्दीच्या दुकानातलं. कविता लिहितो. पण ही कविता नाही, तक्रार आहे. आणि त्या तक्रारीत पहिला आरोपी मीच आहे, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको, की हा कोण लागून गेला शहाणा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतला एक पोरगा महापालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून लागला. गावाचं नाव लिहीत नाही, पोराचंही लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, तिकडं असेल तसं, आमच्याकडं नाही. तो माझा लंगोटीयार. त्याची आई चार घरची धुणीभांडी करून त्याची फी भरायची. तो निरीक्षकाच्या कोर्सला होता तेव्हा रात्री बुद्धविहाराच्या दिव्याखाली आम्ही दोघं बसायचो. पुस्तक माझ्या हातात, उत्तरं त्याच्या तोंडात. कॉलरा कशातून पसरतो? दूषित पाण्यातून. डासाच्या अळ्या होऊ नयेत म्हणून पाण्याची भांडी कधी कोरडी करायची? आठवड्यातून एकदा. मैल्याच्या टाकीत कुठले वायू असतात? मिथेन, कार्बन डायऑक्साईड, हायड्रोजन सल्फाईड. हे शेवटचं नाव त्याला जमायचं नाही. मी ते त्याच्याकडून वीस वेळा म्हणून घेतलं. त्यामुळे आज ते मला झोपेतही येतं.

ऑर्डर आली त्या दिवशी वस्तीत हलगी वाजली. चौकात निळा बॅनर लागला. वर बाबासाहेब, मध्ये तो, खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यात माझाही फोटो होता. आपला माणूस साहेब झाला. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मीही पुसले. खोटं कशाला बोलू?

आता साहेब काय करतो ते सांगतो. पहाटे सहाला हजेरीच्या चौकीवर जातो. मुकादम उठून उभा राहतो. झाडूवाल्या बाया रांगेत. कोण आली, कोण उशिरा आली, कुणाचा खाडा मांडायचा, हे त्याच्या पेनाच्या टोकावर. मग वॉर्डात फेरी. हॉटेलवाल्याला नोटीस, कचरा टाकणाऱ्याला दंडाची पावती, डबक्यावर फवारणी, झाडलेल्या रस्त्याचा मोबाईलवर फोटो. २०१६ पासून शहरांच्या स्वच्छतेचे नंबर लागतात आणि त्या नंबरांना फोटो लागतात. फोटोत चकचकीत रस्ता पाहिजे, भिंतीवर रंगवलेला गांधींचा चष्मा पाहिजे. झाडणारी बाई मध्ये आली तर तिला म्हणायचं, "मावशी, जरा बाजूला व्हा."

मी त्या कामाला नावं ठेवत नाही. कॉलरा, कावीळ, डेंग्यू आधी आपल्याच गल्लीत येतात. बंगल्यात फिल्टर आहे, आपल्याकडे गटाराशेजारी फुटलेली पाईपलाईन आहे. चांगला निरीक्षक ही गरिबाचीच गरज आहे. माझा प्रश्न एवढाच आहे, की हा माणूस कुणाकडे तोंड करून उभा आहे आणि कुणाकडे पाठ करून?

मागच्या उन्हाळ्यात वस्तीमागच्या सार्वजनिक संडासाची टाकी तुंबली. मैला बोळात आला. सक्शनची गाडी बोळात शिरत नव्हती आणि लांब पाईप मागवायला कुणाला वेळ नव्हता. कंत्राटदाराची दोन माणसं आली, रोजावरची. मी पाळी संपवून घरी चाललो होतो, अंगावर अजून कापूस होता. टाकीचं झाकण बाजूला काढलेलं. एकजण काठावर, दुसरा उतरायच्या बेतात. पन्नाशीचा माणूस. पायात स्लीपर, कमरेला नायलॉनची दोरी.

मी विचारलं, "काका, वायू बघितला का?"

तो म्हणाला, "बघितला की. पहाटेधरनं झाकण उघडं हाय. मघाशी सडक्या अंड्यागत वास मारत होता. आता बघ, काय बी न्हाई."

मित्रांनो, हे नीट वाचा. हायड्रोजन सल्फाईड थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की माणसाचं नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे वास गेला तेव्हा वायू गेलेला असतो असं नाही, उलट तो मारायला तयार झालेला असू शकतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसून राहतो. गाळ काठीनं ढवळला की आणखी सुटतो. वायू मोजायचं यंत्र हातात धरण्याएवढं असतं. ते सोडून आपली माणसं नाकावर मोजतात, कारण नाक फुकट मिळतं.

मला हे सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "उतरू नका." तो हसून म्हणाला, "मग तू उतरतोस का?" मुकादम ओरडला, "ए कवी, घरी जाऊन झोप. कामात पाय घालू नको."

मी घरी गेलो. मी गेलो, हे वाक्य मी रोज पाळीवर मशीनच्या आवाजात म्हणतो. मी तिथंच आडवा पडायला पाहिजे होतं, झाकणावर बसायला पाहिजे होतं. मी रात्रभर उभा राहून थकलो होतो आणि मला झोप पाहिजे होती.

अर्ध्या तासानं बायका ओरडल्या. दुसरा माणूस त्याला काढायला उतरत होता, त्याला चौघींनी धरून ठेवलं. त्यामुळे एकच मेला. एरवी असेच जातात दोन-दोन, तीन-तीन. पहिल्याला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा. पेपरात मग चार ओळी येतात.

दुपारी चौकीत रजिस्टर उघडलं. साहित्य वाटप. गमबूट एक जोड, हातमोजे एक जोड, मास्क एक. मेलेल्या माणसाच्या नावासमोर अंगठा. त्याखाली 'तपासले' आणि सही. सही माझ्या दोस्ताची. त्या पायात गमबूट नव्हते हे मी पाहिलेलं होतं. एक स्लीपर तर अजून टाकीच्या काठावर पडलेली होती.

मग पोलिसांत जबाब. टाकीजवळून जाताना पाय घसरून आत पडला. अकस्मात मृत्यूची नोंद. साक्षीदार कोण? सकाळी तिथं कोण होतं? कवी होता. दोस्तानं मला बाजूला घेतलं. "अरे, मी अजून कायम झालो नाही. नोकरी गेली तर आई मरेल. कंत्राटदार त्या बाईला आजच्या आज पन्नास हजार देतोय. कोर्टकचेऱ्या केल्या तर तिला दहा वर्षं काय मिळणार? सही कर."

मी सही केली.

'पाय घसरला'. या दोन शब्दांची किंमत किती? मी नंतर वाचून काढली, आधी वाचायला पाहिजे होती. माणसानं मैला वाहण्याला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा. दुसरा २०१३ चा. या दुसऱ्या कायद्याच्या ७ व्या कलमात गटार आणि मैलाटाकीच्या धोकादायक सफाईला माणूस लावायला बंदी आहे. महापालिकेलाही बंदी आणि कंत्राटदारालाही. ९ व्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ ला सांगितलं, की १९९३ पासून गटारात, टाकीत मेलेल्या प्रत्येकाच्या घराला दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला तीच रक्कम तीस लाख केली.

आता हिशेब करा. माणूस कामासाठी उतरला आणि मेला, तर तीस लाख आणि कंत्राटदारावर गुन्हा. माणूस जाताजाता पाय घसरून पडला, तर पन्नास हजार आणि फाईल बंद. मधे काय आहे? एक निरीक्षकाची सही आणि एक कवीची सही. दोन्ही सह्या निळ्या शाईच्या. निळ्या, मित्रांनो.

याच २०१३ च्या कायद्यात 'निरीक्षक' हा शब्द आहे. २० वं कलम. सरकारनं नेमलेल्या निरीक्षकाला जागेत शिरण्याचा, तपासण्याचा, माणसांना विचारण्याचा, रजिस्टर ताब्यात घेण्याचा अधिकार दिलेला आहे. कायद्याच्या मनातला निरीक्षक झाकण उचलून बघणारा आहे. आपल्या गल्लीत आलेला निरीक्षक झाकण बंद आहे एवढंच बघतो.

हे असं का होतं? माझा दोस्त वाईट आहे म्हणून? नाही. तो मुलगा चांगला आहे, आजही आईचे पाय चेपतो. पण ज्या खुर्चीवर तो बसला तिच्या गादीत जुना कापूस भरलेला आहे. या देशात शुद्धता आणि स्वच्छता या दोन गोष्टी कधी वेगळ्या ठेवल्याच नाहीत. शुद्धता म्हणजे कोण शिवला, स्वच्छता म्हणजे कशात जंतू आहेत. पहिली जात मोजते, दुसरी घाण मोजते. आपल्या देशानं पहिलीला दुसरीचा गणवेश घातला.

महाड आठवा. २० मार्च १९२७. माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. त्या तळ्यावर गुरंढोरं चालत होती. आपण प्यालो तेव्हाच ते बाटलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत! आरोग्याचा कुठला नियम हा? कुठल्या निरीक्षकानं नोटीस काढली? एकानंही नाही. कारण तिथं पाणी कुणी तपासतच नव्हतं, माणूस तपासत होते.

माझ्या गिरणीचंच घ्या. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढावं लागायचं. ओठाला ओठ लागून रोग पसरायची भीती होती, ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. पण तोंड अस्पृश्याचं असेल तर सूत बाटतं, हे मात्र सगळ्यांना कळत होतं. म्हणून विणकाम खात्यात आपल्याला मज्जाव आणि आपण रिंगखात्यात, जिथं पगार कमी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनाही तो गिळायला जड गेला. मी आज रिंगखात्यात उभा असतो तेव्हा हे आठवतं.

कायद्याची भाषाही बघा. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मैला उचलण्याच्या कामासाठी 'हलालखोर कर' छापलेला होता. माणसाच्या जातीचं नाव कराच्या पावतीवर! १९४८ च्या कारखाना कायद्यानं संडास साफ ठेवायला झाडूवाला नेमा असं लिहिलं. जात लिहिली नाही. लिहायची गरज नव्हती, वाचणाऱ्याला कळत होतं. आजही कळतं. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली गटार आणि मैलाटाकीवरच्या कामगारांची नोंदणी झाली, तिचे २०२४ मध्ये आलेले आकडे सांगतात, की शंभरातले सुमारे ६९ अनुसूचित जातींचे. संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता गेली. ती कुठं गेली म्हणून विचाराल, तर झाकणाखाली जाऊन बसली.

आणि एक दुसरी परंपराही आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात घरं तपासायला सोल्जर फिरत होते. लोक आजारी माणसं लपवत होते, कारण तपासणारा त्यांना वैरी वाटत होता. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक प्लेग झालेलं पोर पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. १० मार्च १८९७ ला त्या स्वतः प्लेगनं गेल्या. त्यांच्याकडे ना पद होतं, ना रजिस्टर. पण सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय हे त्यांना कळलं होतं. आजाऱ्याच्या बाजूला उभं राहून बघायचं असतं. आमच्या दोस्तानं बॅनरवर सावित्रीबाईंचाही फोटो छापला होता.

आता सबबी घेऊ. तीन ऐकून माझे कान किटले.

पहिली सबब, पोटाची. "नोकरी आहे रे, काय करणार?" कबूल. पोट मलाही आहे. पण त्या काकांनाही पोट होतं, ते भरायलाच ते उतरले. एका पोटासाठी दुसरं पोट टाकीत ढकलायचं, तर त्याला मजबुरी म्हणू नका. मुकादमी म्हणा.

दुसरी सबब, सेवेची. "कुठलंच काम हलकं नसतं. स्वच्छता म्हणजे ईश्वरसेवा." मग ही सेवा ईश्वराच्या लाडक्यांना का मिळत नाही? या भाषेची बाबासाहेबांनी १९४५ सालीच साल काढली होती, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं हे विचारणाऱ्या पुस्तकात. मैला उचलणाऱ्याला त्याचं काम थोर आहे असं पटवायचं, म्हणजे तो ते सोडणार नाही. गोड बोलून पायात घातलेली बेडी ती. आज त्या बेडीला हार घालतात, सफाई कामगाराचे पाय धुतात. पाय धुऊ नका हो. पायाला बूट द्या, आणि टाकीला मशीन द्या.

तिसरी सबब आपली आहे, म्हणून ती मला जास्त झोंबते. मी वस्तीतल्या कार्यकर्त्यांकडे गेलो. म्हणालो, हे प्रकरण उचलू. एकजण हळूच म्हणाला, "अरे, तो आपल्यातला नव्हता ना." म्हणजे काय? म्हणजे तो मेहतर होता आणि आपण बौद्ध. आपण ते काम सोडून पुढं आलो, तो मागं राहिला, त्याचं तो बघेल. मित्रांनो, बाबासाहेबांनी जातीची जी उतरंड सांगितली, तिचं एक मडकं आपल्याही डोक्यावर आहे. आपण वरच्या मडक्याला शिव्या देतो आणि खालच्यावर पाय देऊन उभे राहतो. असला निळा झेंडा मला खांद्यावर घेता येणार नाही. मेलेल्याची जात विचारून मोर्चा काढायचा की नाही ते ठरवणार असू, तर मनुस्मृती १९२७ साली कशाला जाळली?

म्हणून मी तुम्हाला सांगतो. आपल्या पोरांनी निरीक्षक व्हावं. जरूर व्हावं, आणखी व्हावं. पण बॅनर लावायच्या आधी त्याच्याकडून चार गोष्टी कबूल करून घ्या. तुझ्या वॉर्डात वायू मोजल्याशिवाय एकही झाकण उघडणार नाही. माणूस आत उतरणार नाही, मशीन येत नसेल तर काम थांबेल आणि का थांबलं ते तू लेखी वर कळवशील. गमबूट पायात बघितल्याशिवाय 'तपासले' लिहिणार नाहीस. आणि कुणी मेलाच, तर तो कशासाठी उतरला होता ते खरं लिहिशील. यात क्रांती नाही. हे त्याच्याच पुस्तकातलं आहे. पुस्तक मी धरलं होतं, मला माहीत आहे.

आणि आपण? आपण त्याला एकटं सोडायचं नाही. खरं लिहिणाऱ्या पोराची बदली झाली, त्याला कायम केलं नाही, तर त्या दिवशी हलगी घेऊन महापालिकेच्या दारात जायचं. ऑर्डर आली तेव्हा वाजवली होती तेवढ्याच जोरात. एकट्या माणसाला भित्रा म्हणणं सोपं असतं. मी स्वतः एकटा होतो आणि मी भ्यालो.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात मी पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब लिहून दिला. तो माणूस कामासाठी उतरला, मुकादमाच्या सांगण्यावरून उतरला, पायात स्लीपर होती, वायू मोजला नव्हता, आणि माझी पहिली सही खोटी होती. हवालदारानं विचारलं, "खोटी सही केली म्हणून तुझ्यावरच केस झाली तर?" म्हणालो, होऊ दे. त्याची प्रत त्या वहिनींना नेऊन दिली. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग त्या दिवशी का न्हाई सांगितलंस, बाबा?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. कवितेतही नाही.

गिरणीत आता मला सलग तिसरी पाळी लागते. जॉबर म्हणतो, वरून सांगितलंय. लागू दे. दोस्त रस्त्यात दिसला तर मान खाली घालून गाडी पुढं काढतो. मी त्याला हाक मारतो, तो थांबत नाही. म्हणून इथं लिहितो, वस्तीतल्या वाचनालयात हा अंक त्याच्या हाती पडेलच.

दोस्ता, ते रजिस्टर अजून तुझ्या कपाटात आहे. पुढचं पान कोरं आहे. मी माझी सही मागं घेतली. तुझी कधी घेतोस?